शेक घेतलेल्या जबड्यातली दाढ उपटू नका

पिंगळीहून परभणी, तिथून गाडीने जालनामार्गे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. तोंडाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण याच वाटेने शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला जातात. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे, तीस ते पस्तीस वेळा यंत्राखाली झोपायचे. शेवटचा शेक झाला की घरी पेढे वाटले जातात आणि फाइल कपाटावर जाते. 'शेक संपले, आजार संपला' हा समज इतका घट्ट असतो की कापूस वेचणीच्या धांदलीत पुढच्या तपासणीची तारीख हुकते आणि कुणाला त्याचे काही वाटतही नाही.

आनंद रास्तच आहे. पण किरणांचा परिणाम जबड्यात राहतो. हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, जखम भरून काढण्याची हाडाची ताकद घटते आणि ती पुढे कित्येक वर्षे परत येत नाही. त्यात लाळेच्या ग्रंथीही भाजलेल्या. लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. म्हणजे जे दात किडणार, नेमके तेच काढणे धोक्याचे.

त्या भागातल्या पन्नाशीच्या एका शेतकऱ्याची खालची दाढ शेकानंतर दोन वर्षांनी ठणकू लागली. लवंगेचे तेल लावून झाले, मोबाइलवर आलेल्या तुरटीच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून गोळ्या झाल्या. शेवटी शेकाबद्दल चकार शब्द न काढता त्याने आठवडी बाजारात दाढ उपटून घेतली. जखम भरलीच नाही. काही महिन्यांत हिरडीतून हाड दिसू लागले, तोंडाला घाण वास, हनुवटीखालून पू. कर्करोग परतला म्हणून घरात रडारड. तपासणीत कर्करोग निघाला नाही. जबड्याचे हाड मेले होते.

बाजारात पक्कड घेऊन बसणारा शेकाबद्दल विचारत नाही आणि हाड उघडे पडल्यावर सापडतही नाही. म्हणून शेक घेतलेल्याने दंतवैद्याच्या खुर्चीत बसताच ते आधी सांगावे, दहा वर्षे उलटली असली तरी. खराब दात शेक सुरू होण्याच्या किमान दहा-चौदा दिवस आधी काढायचे असतात. नंतर शक्यतो दात वाचवायचा: रूट कॅनाल करून आणि रोज डॉक्टरांनी दिलेले फ्लोराइड लावून. काढण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलून, रुग्णालयातच.

दातांइतकीच दुसरी अडचण तोंड आखडण्याची. शरद पवारांना तोंडाच्या कर्करोगाने गाठले ते २००४ साली. तोंड नीट उघडत नाही, गिळायला आणि बोलायला त्रास होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. सुपारीच्या सवयीबद्दलही ते मोकळेपणाने बोलले. तरीही २०१४पर्यंत त्यांनी केंद्रात कृषिमंत्रिपद सांभाळले. आयुष्य थांबत नाही. मात्र तोंड आखडू लागले तर हातावर हात धरून बसू नये. स्वतःची तीन बोटे पुढच्या दातांमध्ये उभी मावत नसतील, तर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि हळूहळू काडी वाढवायची. किती ताण द्यायचा हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. महिनोन् महिने करावे लागते, आणि लोक कंटाळतात ते इथेच.

कोरड्या तोंडाला घोट घोट पाणी, आणि लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा घालून दिवसभर गुळण्या. भाकरी पातळ वरणात कुस्करून खावी, ठेचा बाजूला ठेवावा. चव बऱ्याच जणांना काही महिन्यांत परत येते, घाबरण्याचे कारण नाही. पण तोंड बेचव आहे म्हणून पुन्हा मिश्री लावणाऱ्या आजी आणि 'नुसती सुपारी' चघळणारे काका यांना रागवावेच लागते. दुसरा कर्करोग याच वाटेने येतो.

मानेत नवी गाठ, तीन आठवड्यांत न भरणारा चट्टा, बसलेला आवाज, कानात सतत कळ, उतरणारे वजन: यांपैकी एकही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आजार परतायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परततो. पाणी पिताना ठसका आणि वरचेवर ताप-खोकला असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकते.

गळ्यावर शेक बसलेल्यांची थायरॉइड ग्रंथी पुढे कित्येकदा मंदावते. माणूस सुस्तावतो, अंग जड होते, थंडी सोसवत नाही. गावात याला अशक्तपणा म्हणतात आणि सलाईनच्या बाटल्या चढतात. दर सहा ते बारा महिन्यांनी रक्ताची टीएसएच तपासणी केली तर हे वेळीच कळते आणि रोजच्या एका गोळीवर भागते.