बोरईच्या ऐंशी जागा

पाचवीतलं मूल घरात असलं की भिलाईत पावसाळ्याच्या सुमाराला एक प्रश्न हमखास कानावर येतो: नवोदयचा फॉर्म भरला का? सेक्टरमधल्या क्वार्टरात, सुपेल्याच्या बाजारात, प्लांटच्या शिफ्ट बदलताना, सगळीकडे. मी या परीक्षेत उलट्या टोकाने शिरलो होतो. आधी गाइड, मग क्लास, मग टेस्ट सिरीज आणि सगळ्यात शेवटी माहितीपुस्तिका. त्याची कहाणी सांगत बसत नाही, कारण घरोघरी ती सारखीच असते. पण त्या उलट्या क्रमानेच मला एक गोष्ट पटवून दिली आणि या लेखात तेवढीच मांडायची आहे. तयारी कशी करायची, हा दुसरा प्रश्न आहे. आपल्या मुलासाठी तिथे नेमकी किती जागा आहे, हा पहिला. पहिल्याचं उत्तर हाती आलं की दुसऱ्यावर किती पैसे आणि मुलाच्या किती संध्याकाळी घालायच्या, हे बरंचसं आपोआप ठरतं.

तेव्हा आधी जागांचा हिशेब. दुर्ग जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय बोरईला आहे आणि सहावीच्या निवड चाचणीतून तिथे 80 मुलं घेतली जातात. यातल्या किमान 75 टक्के, म्हणजे 60 जागा ग्रामीण भागातल्या मुलांनी भरायच्या असतात. उरल्या 20. भिलाईकर या 20 जागांना सरळ ‘आपल्या’ जागा समजतात आणि फसगत इथूनच सुरू होते. नियमातला ‘किमान’ हा शब्द कुणी नीट वाचत नाही. उरलेल्या 20 जागा गुणवत्तेवर खुल्या असतात, त्यामुळे धमधा किंवा पाटणकडच्या एखाद्या हुशार मुलाचाही त्यांवर तितकाच हक्क आहे. शिवाय एकूण जागांत एक तृतीयांश मुली हव्यात, अनुसूचित जाती-जमातींचं आणि इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आहे, दिव्यांगांसाठीही तरतूद आहे. आता दुसरी बाजू बघा. 2012 च्या जानेवारीत बालोद आणि बेमेतरा वेगळे झाल्यापासून उरलेला दुर्ग जिल्हा हा मुख्यतः शहरी जिल्हा झाला आहे. दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महानगरपालिका एकाच जिल्ह्यात आहेत. निम्म्याहून अधिक वस्ती शहरी, आणि शहरी मुलासाठी जागा जास्तीत जास्त चौथा हिस्सा. जिथे शहर नावापुरतंच आहे अशा जिल्ह्यातल्या शहरी मुलाची आणि आपल्या मुलाची स्पर्धा एकसारखी नाही. अर्ज दुसऱ्या जिल्ह्यातून करू म्हटलं तर तीही सोय नाही. मुलाचा रहिवास आणि त्याची पाचवीची शाळा, दोन्ही त्याच जिल्ह्यात असावी लागतात.

ग्रामीण कोणाला म्हणायचं, याबद्दल तर गैरसमजांचा ढीगच आहे. वडिलांचं मूळ गाव, सातबारा, आजोबांचं घर यांतलं काहीच इथे मोजलं जात नाही. मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं, प्रत्येक वर्षाचं पूर्ण सत्र, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत शहरी शाळेत एक दिवस जरी गेला तरी ते मूल शहरी उमेदवार ठरतं. मग एक चोरवाट सुचवली जाते: शेजारच्या गावातल्या शाळेत नाव घाला आणि मूल इथल्या क्लासमध्येच बसू द्या. हा सल्ला देणारे लोक भले, समजूतदार असतात, म्हणून तो जास्त धोक्याचा. निवड झाल्यावर कागदपत्रांची तपासणी होते, आणि खोटी माहिती आढळली तर निवड रद्द होते. अकरा वर्षांच्या मुलाला निवडीची बातमी सांगून नंतर ती परत घ्यायची, हा प्रसंग कोणत्याही आईबापावर येऊ नये. पकडले न गेलात तरी ती जागा कुठल्या तरी गावातल्या मुलाची होती, हे उरतंच.

यावर शहरातला मध्यमवर्गीय बाप म्हणतो, हा आमच्यावर अन्याय आहे. आमचं मूल हुशार असून त्याला वीसच जागांत कोंबायचं? राग मी समजू शकतो, पण तक्रार मला टिकणारी वाटत नाही. ही विद्यालयं 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभी राहिली आणि मुख्यतः ग्रामीण भागातल्या गुणी मुलांसाठीच. 1985-86 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक हरियाणातल्या झज्जरला होतं आणि दुसरं आपल्या अमरावतीला, हे इथल्या वैदर्भीय घरांनाही फारसं ठाऊक नसतं. आणि भिलाईला न्याय मिळाला नाही असं कुणी म्हणावं? 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांनी इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि कारखान्याबरोबर टाउनशिपच्या शाळाही वाढत गेल्या. दोन-तीन पिढ्यांना घरापासून चालत जाता येईल अशी चांगली शाळा मिळाली. त्या शाळा आता आक्रसत चालल्या आहेत आणि म्हणूनच शहरातल्या पालकांची नजर बोरईकडे वळली आहे, हे खरं. पण आपली शाळा रोडावली म्हणून गावच्या मुलाचा हिस्सा कमी करा, असं म्हणता येत नाही.

आता परीक्षेकडे वळू. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. त्यात बुद्धिमत्ता चाचणीचे 40 प्रश्न आणि 50 गुण, अंकगणिताचे 20 प्रश्न आणि 25 गुण, भाषेचे तेवढेच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ही साधी गोष्टही मुलाला कुणीतरी मुद्दाम सांगावी लागते. अर्धे गुण ज्या भागाला आहेत तो सगळा आकृत्यांचा असतो: वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, कागद दुमडून भोक पाडल्यावर उलगडला की कसा दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती. असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. हे शाळेत शिकवत नाहीत, म्हणून पालक घाबरतात आणि क्लासवाल्यांचं दुकान चालतं. पण शांतपणे विचार केला तर दिसेल की प्रकार ठरलेले आहेत आणि मोजकेच आहेत. मुलाला एकदा त्यांची ओळख झाली, प्रश्न काय विचारतोय हे कळलं, की पुढची प्रगती हळू होते आणि थोड्या दिवसांनी जवळपास थांबते. माझ्या मते दोन-तीन महिने, दिवसाला अर्धा तास, एवढं या भागाला पुरे. उरलेल्या अर्ध्या गुणांची गोष्ट नेमकी उलटी आहे. अंकगणितात अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, नफा-तोटा. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. उतारा वाचून त्यात न लिहिलेलं समजून घेणं दोन महिन्यांत येत नाही. त्याला वाचनाची वर्षं लागतात. आणि हीच तयारी निवड न झालेल्या मुलाच्याही कामी येते, सहावीत, दहावीत, पुढेही. तेव्हा वर्षभराची मेहनत घ्यायचीच असेल तर ती वाचनावर आणि हिशेबावर घ्यावी. क्लास याच्या उलट करतात, कारण आकृत्यांत मूल आठवड्याभरात सुधारलेलं दिसतं आणि पालक खूश होतात.

‘पण क्लासची मुलं निवडली जातात, फ्लेक्सवर फोटो लागतात’, हा आक्षेप ठरलेला. फोटो खरे असतात. पण फ्लेक्सवर न आलेली मुलं किती, हे त्याच फ्लेक्सवर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि आलेली मुलं क्लासमुळे आली की मुळातच वाचणारी, हिशेबात पक्की होती, हे त्यावरून कळायला मार्ग नाही. भिलाईत हा आक्षेप जास्त ताकदीने येतो, कारण हे शहर आयआयटीच्या निकालांवर वाढलेलं आहे. इथला कोचिंगचा लौकिक जुना आहे, आता तर इथे आयआयटीच आहे, त्यामुळे स्पर्धेची सवय जितकी लवकर तितकी चांगली, असं समीकरण लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. पण तो लौकिक सोळा-अठरा वर्षांच्या मुलांनी कमावलेला आहे. ती मुलं आपण कशासाठी घासतोय हे जाणत होती. नऊ वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसतं. तो बाबांना खूश करण्यासाठी घासतो, आणि निवड झाली नाही की आपण बाबांना नाराज केलं, एवढंच त्याला कळतं.

ही परीक्षा एकदाच देता येते, म्हणून हे आणखी गंभीर. सहावीच्या निवड चाचणीला दुसऱ्यांदा बसता येत नाही. यंदा नुसता अनुभव घेऊ, पुढच्या वर्षी नीट देऊ, ही सोय नाही. म्हणून काही पालकांना मुलाला पाचवीत आणखी एक वर्ष ठेवण्याची युक्ती सुचते. तीही निरुपयोगी, कारण आधीच्या वर्षी पाचवी केलेलं मूल पात्रच ठरत नाही आणि जन्मतारखेची मर्यादा आहेच. शहरातलं मूल असेल तर फॉर्म जरूर भरा, फी लागत नाही, आणि एक मोठी परीक्षा शांतपणे देणं हाही मुलाला अनुभव आहे. मात्र घरात तिला ‘आयुष्याची परीक्षा’ म्हणू नका.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. ज्या घरात एकाची मजुरी आणि चार तोंडं आहेत, त्यांना तुमची ही अक्कल काय उपयोगाची? सहावी ते बारावी, सात वर्षं राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून महिन्याला 600 रुपयांचा विकास निधी, तोही मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. सरकारी नोकरांच्या मुलांना तो 1500 आहे. अशा घरासाठी ही परीक्षा सर्वस्व असू शकते, हे मी मान्य करतो, आणि अशा मुलाने जीव तोडून तयारी केली तर तिला वेडेपणा म्हणणार नाही. पण अशी घरं गुणांत जितकी मार खातात तितकीच कागदांतही खातात. फॉर्म ऑनलाइन असतो, त्यासोबत प्रधान पाठकांच्या सहीचं, मुलाचा फोटो लावलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातली जन्मतारीख एक, आधारवरची दुसरी. नावाचं स्पेलिंग तिसरंच. निवड होऊनही घोळ निघतात ते इथे. अशा घराला मदत करायची असेल तर गाइड भेट देण्यापेक्षा त्यांच्याबरोबर एक दुपार शाळेच्या कार्यालयात बसावं.

पालक घरी बोलत नाहीत अशी आणखी एक गोष्ट म्हणजे वसतिगृह. दहा-अकरा वर्षांचं मूल घर सोडतं. आणि नववीत ठरावीक 30 टक्के मुलं हिंदी भागातल्या विद्यालयातून अहिंदी भागातल्या विद्यालयात, आणि तिकडची इकडे, वर्षभरासाठी पाठवली जातात. कल्पना मला चांगली वाटते, पण ती प्रवेशाची अट आहे, मर्जीचा मामला नाही. गंमत अशी की घरी मराठी बोलणारं भिलाईचं मूल या हिशेबात हिंदी भागातलं धरलं जातं. मुलाला हे आधी सांगायला हवं, निकालानंतर नव्हे.

नवोदय हे एकच दार नाही, म्हणून थोडं बाकीच्यांबद्दल. अंबिकापूरची सैनिक शाळा 2008 पासून आहे. तिची परीक्षा देशपातळीवरची, तिथे दोन तृतीयांश जागा राज्यातल्या मुलांना मिळतात, पण फी बरीच आहे आणि वैद्यकीय तपासणीत पुष्कळ मुलं अडतात. सहावीची ती परीक्षा मराठीतूनही देता येते. स्वामी आत्मानंद इंग्रजी शाळांत प्रवेश सोडतीने होतो, तिथे क्लास लावणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटासाठी शिकवणी. नवोदयलाही नववीत रिकाम्या जागांवर पुन्हा परीक्षा असते. जागा थोड्या, पण चौदाव्या वर्षी मूल स्वतःचं मन ओळखू लागलेलं असतं.

शेवटी भाषेचा रकाना. नागपूरची आत्या पाचवीच्या शिष्यवृत्तीची मराठी पुस्तकं प्रेमाने पाठवते, आणि त्यातल्या आकृत्या सोडवायला हरकत काहीच नाही. उतारे मात्र मुलाने ज्या माध्यमात तो शाळेत शिकतो त्याच भाषेत वाचायला हवेत; फॉर्ममध्ये जी भाषा निवडाल तीच परीक्षेच्या दिवशी हाती येते. तो रकाना भरण्याआधी तिसरी, चौथी आणि पाचवीच्या नोंदी शाळेत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि ती शाळा ग्रामीण धरली जाते की शहरी, हे तिथेच विचारून घ्या. या कामाला अर्धा तास लागतो. गाइडचं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.