फवारणी ड्रोनच्या लिथियम बॅटरीची निगा

फवारणीचा ड्रोन घेताना टाकी किती लिटरची, पंखे किती, एकरी वेळ किती लागतो याची चौकशी सर्वजण करतात. बॅटरीबद्दल मात्र 'किती मिनिटे चालते' एवढेच विचारले जाते. वास्तविक ड्रोनमध्ये वारंवार बदलावी लागणारी महाग वस्तू म्हणजे बॅटरीच. नमो ड्रोन दीदी योजनेला २०२३ मध्ये मंजुरी मिळाल्यापासून महिला बचत गटांकडेही ड्रोन आले आहेत. भाड्याने फवारणी करून देणाऱ्या गटाचा नफा बॅटरी किती हंगाम टिकते यावर बराच अवलंबून असतो.

ड्रोनमध्ये बहुधा लिथियम पॉलिमर जातीची बॅटरी असते. हौशी मंडळी रेडिओच्या साहाय्याने छोटी विमाने उडवतात त्यातही हीच असते, आकार तेवढा लहान. ट्रॅक्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीची आपली सवय येथे उलटी पडते. ट्रॅक्टरची बॅटरी उभी ठेवायची तर पूर्ण भरून ठेवावी लागते, अर्धवट ठेवली तर ती खराब होते. लिथियम बॅटरी मात्र पूर्ण भरून ठेवली तरी बिघडते आणि पूर्ण उतरवून ठेवली तरी बिघडते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीप्रमाणे 'आधी पूर्ण उतरवा, मग भरा' हा सल्लाही येथे घातक आहे.

सेलचे गणित

एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७ धरतात. पूर्ण भरल्यावर ते ४.२ होते. ३.० च्या खाली गेल्यास सेलला कायमची इजा होते. सहा सेलच्या संचावर म्हणून २२.२ व्होल्ट लिहिलेले असते आणि भरल्यावर तो २५.२ दाखवतो. काही संच प्रति सेल ४.३५ पर्यंत भरण्यासाठी बनवलेले असतात. तेव्हा लेबल वाचूनच चार्जरवर जात निवडावी. लोह-फॉस्फेट जातीचा सेल ३.६५ लाच भरतो. तो पॉलिमरच्या खुणेवर लावल्यास अतिभार होतो.

सेल एकामागे एक जोडलेले असल्याने सर्वांतून सारखाच प्रवाह जातो. त्यातील एखादा दुबळा असेल तर उड्डाणात तो आधी रिकामा होतो आणि चार्जिंगला आधी भरतो. समजा पाच सेल ४.१७ वर आहेत आणि सहावा ४.३५ वर गेला आहे. बेरीज बरोबर २५.२० येते, वरून सारे ठीक दिसते, पण तो एक सेल आतून उकळत असतो. बारीक तारांची बॅलन्स वायर यासाठीच दिलेली असते. तिच्यामार्फत चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासतो. घाई आहे म्हणून ती न जोडता केवळ जाड तारांवर चार्जिंग करू नये.

चार्जिंगचा वेग बॅटरीच्या क्षमतेवरून ठरतो. १६,००० मिलिअँपियर-तासाच्या संचाला १६ अँपियर आणि छोट्या विमानाच्या २,२०० च्या संचाला २.२ अँपियर हा सुरक्षित वेग. या वेगाने साधारण एका तासात किंवा थोड्या अधिक वेळात बॅटरी भरते. निर्मात्याने जादा वेगाची परवानगी दिली असली तरी हंगामाच्या ऐन गर्दीतच ती वापरावी, असे आमचे मत आहे.

फवारणीच्या दिवशी

उड्डाणात क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त वापर करू नये. याचा ताळा चार्जरच देतो. १६,००० च्या संचात चार्जरने परत १२,८०० भरले तर वापर बरोबर ८० टक्के झाला. १४,५०० भरले तर पुढच्या वेळी ड्रोन लवकर उतरवावा. उरलेला अर्धा एकर याच बॅटरीत उरकू, हा मोह सर्वांत महाग पडतो. भार असताना व्होल्टेज एकदम घसरते आणि औषधाने भरलेला ड्रोन पिकात कोसळू शकतो.

उतरलेली बॅटरी गरम असते. ती तशीच चार्जरला लावू नये. सावलीत, वारा लागेल अशी ठेवून हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. निर्मात्याने तशी सोय केली नसेल तर पाण्यात बुडवू नये आणि बंद जीपमध्येही ठेवू नये. याउलट निफाडकडे जानेवारीत पहाटे पारा फार खाली जातो. अशा वेळी गारठलेली बॅटरी आधी घरात आणून ऊब घेऊ द्यावी. अतिथंड अवस्थेत चार्जिंग केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचतो व सेल धोकादायक होतो.

औषध किंवा विद्राव्य खताचे थेंब जोडावर पडले तर तो गंजतो, काळा पडतो आणि तापू लागतो. रोज काम संपल्यावर जोड कोरड्या फडक्याने पुसावेत. दोन संच मिळून चालणाऱ्या ड्रोनमध्ये बैलजोडीसारखी जोडी ठरवून टाकावी. दोहोंवर रंगाने एकच क्रमांक घालावा आणि नवा संच जुन्याबरोबर जुंपू नये.

हंगाम संपल्यावर

बॅटरीचे खरे नुकसान येथे होते. खरिपातील सोयाबीन, कापूस, तूर आणि नंतर हरभऱ्याच्या फवारण्या आटोपल्या की ड्रोन कित्येक महिने उभा राहतो. शेवटच्या दिवशी भरलेल्या, पण न वापरलेल्या बॅटऱ्या तशाच पत्र्याच्या खोलीत राहतात. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात बाहेरच ४२-४३ अंश असताना पत्र्याखाली काय होत असेल याची कल्पना करावी. पूर्ण भरलेला सेल आणि उष्णता एकत्र आली की आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू बनतो. जूनमध्ये खोली उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसते ती यामुळे. ही गेलेली क्षमता परत येत नाही.

आठवड्याहून अधिक काळ उड्डाण नसेल तर प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावा. म्हणजे सहा सेलचा संच सुमारे २३ व्होल्टवर राहील. चांगल्या चार्जरवर साठवणुकीसाठी वेगळी खूण असते. काही संच काही दिवसांनी आपोआप या पातळीवर येतात, तरी खात्री करून घ्यावी. साठवण घरातील सर्वांत थंड व कोरड्या जागी करावी आणि ड्रोनपासून जोड सुटे करावेत. महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहून वहीत लिहावे. एकच सेल इतरांपेक्षा झपाट्याने उतरत असेल तर तो संच आता थकला असे समजावे.

आगीचा धोका

ज्या भागात शेतीला वीज रात्रीच्या पाळीत मिळते तेथे शेतातील खोलीवर बॅटरी लावून झोपण्याची पद्धत पडू लागली आहे. ती तात्काळ सोडावी. जवळ जागे माणूस नसताना चार्जिंग करू नये. कडबा, वेचलेला कापूस, डिझेल, कीटकनाशके यांच्या जवळ तर मुळीच नको. सिमेंटची मोकळी जमीन, वरून सावली आणि शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या, एवढी सोय पुरेशी आहे.

बॅटरी पेटलीच तर प्रथम सुरक्षित अंतरावरून मुख्य वीज बंद करावी. धूर विषारी असतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूने उभे राहावे. वाळूने ज्वाळा पसरणे थांबते, पण पेटलेल्या सेलमधून स्वतःच प्राणवायू सुटत असल्याने आग आत चालूच राहते. मोठ्या संचाला वीज तोडल्यानंतर लांबून भरपूर पाणी मारून थंड करावे. विझल्यासारखी वाटली तरी ती पुन्हा भडकू शकते, म्हणून दिवसभर उघड्यावरच ठेवावी. ड्रोन पडून दबलेली बॅटरीही अशीच बाहेर वेगळी ठेवावी, त्या दिवशी चार्जरला लावू नये.

फुगलेल्या बॅटरीला सुई टोचून हवा काढण्याचा उपाय कोणी सांगितल्यास ऐकू नये. ती वापरातून काढावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करून पोच घ्यावी आणि नवा संच घेताना त्याची उत्पादन तारीख पाहावी, कारण दुकानातही तो पूर्ण भरून, उन्हात राहिलेला असू शकतो.