सुई टोचली की दुखणं पळतं?

सबमिशनच्या आठवड्यात शीटवर वाकून वाकून मान आखडली की होस्टेलवर सल्ले सुरू होतात. बाम लाव, शेक घे... आणि एखादा हमखास म्हणतो, "ॲक्युपंक्चर करून बघ ना!" मी हसण्यावारी न्यायचो. पण दिवाळीत घरी गेलो तर आईच कंबरदुखीसाठी आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेत होती. "बरं वाटतं रे," म्हणाली. म्हटलं, चला, जरा वाचून तरी बघू.

उपचार मूळचा चीनचा. शरीरात 'ची' नावाची ऊर्जा ठराविक वाहिन्यांतून वाहते, ती अडली की आजार, असा त्यामागचा सिद्धांत. (या वाहिन्या शवविच्छेदनात काही सापडत नाहीत.) आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू यांनी पुढे हे तंत्र शिकून कोलकात्याला आणलं. सुई भरीव असते, जेमतेम पाव मिलिमीटर जाड, त्यामुळे इंजेक्शनएवढी दुखत नाही.

आता मुद्द्याचं. लॅबमध्ये झिरो एरर न काढता रीडिंग घेतलं तर सर जर्नल परत देतात. इथेही तेच. नुसतं "बरं वाटलं" हे कच्चं रीडिंग झालं. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००७ मध्ये आले. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी आणि उथळ, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले रुग्ण किती? पहिल्यात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४!

म्हणजे बघा, बिंदू चुकला तरी फारसं बिघडत नाही, पण सुयांच्या दोन्ही गटांना आराम जास्त. मग काम कोण करतं? टोचल्यामुळे शरीरात एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं सुटतात, हे एक कारण सांगतात. दुसरं म्हणजे अर्धा तास शांत पडणं, कुणीतरी विचारपूस करणं, आणि 'आता बरं वाटणार' ही अपेक्षा. तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळत नाहीत हे माहीतच होतं, हेही विसरायला नको.

तेव्हा जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत थोडाफार आराम मिळू शकतो, हे मी मान्य करतो. ऑपरेशननंतरची मळमळही मनगटाजवळच्या एका बिंदूने कमी होते, असं चाचण्यांत दिसलंय. पण आईच्या त्या क्लिनिकमध्ये "शुगरही उतरेल, गोळ्या हळूहळू सोडा" असं सांगितलं होतं, आणि आईने त्या सोडल्याही होत्या! बाबांनी तपासणी करून आणली तर आकडा २८० च्या वर. तेव्हा मात्र मी भांडलो. डायबेटिस म्हणजे काही आखडलेली मान नव्हे.

सुया अजून चालू आहेत, दर वेळी सीलबंद पाकिटातल्या नव्या, एवढं आई स्वतः बघून घेते. गोळी मात्र रोज सकाळी बाबांच्या समोर.