सवलतीचा बाजार आणि रमजानच्या अखेरच्या रात्री

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-जुमुआतील अखेरच्या आयतीमागे मदीनेतील एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) शुक्रवारचा खुतबा देत होते. इतक्यात शाम देशाकडून धान्य घेऊन येणारा काफिला शहरात दाखल झाला. मशिदीत बसलेले बहुतेक लोक उठून तिकडे धावले. माननीय जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषितांजवळ केवळ १२ माणसे उरली. या वर्तनाबद्दल अल्लाहने लोकांना समज दिली. अल्लाहपाशी जे आहे ते करमणुकीपेक्षा आणि व्यापारापेक्षा उत्तम आहे आणि अल्लाहच सर्वोत्तम अन्नदाता आहे, असा या आयतीचा आशय आहे.

त्या दिवसांत मदीनेत टंचाई व महागाई होती, असे भाष्यकार लिहितात. म्हणजे धावणाऱ्यांची गरज खरी होती, तरीही त्यांना समज मिळाली. आपण ज्या वस्तूंसाठी धावतो, त्यांपैकी किती वस्तूंची आपल्याला खरोखर गरज असते?

औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) शहरातील रमजानचा उत्तरार्ध डोळ्यांसमोर आणा. सिटी चौक, शहागंज, गुलमंडी, पैठण गेट या भागांत इशानंतर पाय ठेवायला जागा नसते. कपडे, चपला, बांगड्या, अत्तर, शेवया यांची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. ‘एकावर एक मोफत’, ‘आजचा शेवटचा दिवस’ अशा पाट्या झळकतात. जे बाजारात जात नाहीत, त्यांच्या हातातील मोबाईलवरही सवलतींचा सेल चालूच असतो. आणि नेमक्या याच त्या रात्री, ज्यांत लैलतुल कद्र दडलेली आहे. जी सूरह अल्-कद्रनुसार हजार महिन्यांहून, म्हणजे ८३ वर्षांहून अधिक काळाहून श्रेष्ठ आहे. अखेरच्या दहा दिवसांत प्रेषित (स.) कंबर कसून उपासनेला लागत, रात्री जागवत आणि घरच्यांनाही उठवत, असे माननीय आयेशा (रजि.) सांगतात. जागतो आपणही. प्रश्न एवढाच की, कशासाठी?

खरेदी निषिद्ध नाही

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. इस्लामने व्यापार वैध ठरविला आहे. सूरह अल्-आराफच्या ३१ व्या आयतीत उपासनेच्या वेळी शोभा धारण करण्याचा आदेश आहे. खाण्यापिण्याची मुभा आहे. फक्त अतिरेक करू नका, अशी ताकीद आहे. ईदसाठी चांगला पोशाख करण्याची प्रथा प्रेषितांच्या काळीही होती. माननीय उमर (रजि.) यांनी बाजारातील एक जुब्बा ईदसाठी सुचविला, तेव्हा प्रेषितांनी तो रेशमी असल्यामुळे नाकारला, ईदला सजणे अनुचित म्हणून नव्हे. तेव्हा मुलांना नवे कपडे घेणे हा आनंदाचाच भाग आहे. दोष आहे तो हव्यासाचा.

सवलत हा हव्यास झाकून टाकते. २,००० रुपयांची वस्तू १,००० रुपयांत मिळाली की आपण १,००० रुपये वाचविल्याचे समाधान मानतो. ती वस्तू नकोच होती, तर वाचले काहीच नाही. १,००० रुपये गेले. सूरह बनी इस्राईलच्या २६ व्या व २७ व्या आयतींत आप्त, गरजू व प्रवासी यांचा हक्क देण्याच्या आज्ञेला लागूनच उधळपट्टीची मनाई आली आहे आणि उधळ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. हा क्रम लक्षात घ्या. जेथे उधळपट्टी होते, तेथे कोणाचा तरी हक्क बुडत असतो.

त्याहून गंभीर बाब म्हणजे कर्ज. ईदच्या हौसेसाठी व्याजाचे हप्ते डोक्यावर घेणे, हे एका वैध आनंदासाठी निषिद्ध मार्गाने जाणे आहे. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो.

विक्रेत्यांसाठी

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह याच बाजारावर चालतो. किंमत आधी फुगवून मग सूट दाखविणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतील ओल बोटांना लागली, तेव्हा फसविणारा आपल्यापैकी नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले. शपथेने माल खपतो, पण बरकत जाते, हीही त्यांचीच शिकवण आहे. दुकानातील नोकरालाही नमाज आणि विश्रांतीसाठी वेळ मिळाला पाहिजे. त्याच्याही घरी ईद आहे. ग्राहकानेही विचार करावा: मोठ्या दुकानात मुकाट्याने दाम मोजणारे आपण हातगाडीवाल्याशी मात्र दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. विकताना, घेताना आणि येणे मागताना सौम्य राहणाऱ्यावर अल्लाहची कृपा व्हावी, अशी दुआ प्रेषितांनी (स.) केली आहे.

काय करता येईल?

ईदची खरेदी शाबान महिन्यातच उरकावी. घरातील सर्वांनी एकत्र बसून यादी करावी. यादीबाहेरची वस्तू केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये. आधी जकातचा हिशेब, मग खर्चाची मर्यादा. सदका-ए-फित्र ईदच्या नमाजपूर्वी देण्याचा आदेश आहे. तो काही दिवस आधीच पोहोचविला, तर गरजूच्या घरीही शिरखुर्मा शिजेल. आपल्या मुलासाठी कपडे घेताना एखाद्या अनाथ मुलासाठीही तसेच घ्यावेत, उरलेसुरले नव्हेत. आणि खरेदीचा सारा भार भगिनींवर टाकून त्यांच्या इबादतीच्या रात्री हिरावून घेऊ नयेत.

वाचकहो, बाजार ईदनंतरही भरेल, सवलती पुन्हा येतील. या दहा रात्री मात्र पुढील वर्षी आपल्या वाट्याला येतील की नाही, हे केवळ अल्लाहच जाणतो. ज्यांना व्यापार व खरेदी-विक्री अल्लाहच्या स्मरणापासून गाफील करीत नाही, अशा दासांचा उल्लेख सूरह अन्-नूरमध्ये आला आहे. अल्लाह आपणा सर्वांना त्यांच्यात सामील करो. आमीन.