फुगले म्हणजे रुजले का?
(पावसाळ्यात घरी बसून करायचे प्रयोग)

आषाढात झड लागली की चार-चार दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. परसातल्या वाफ्यांत पाणी तुंबते. अशा चिकट मातीत खुरपे चालवले किंवा पाय दिला, तर मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दबतात, त्यांतली हवा निघून जाते आणि पुढे ऊन पडल्यावर तिचीच टणक ढेकळे होतात. म्हणून झडीत वाफ्यात न उतरणेच शहाणपणाचे. मग बागेची हौस असणाऱ्याने या दिवसांत काय करावे?

घरातल्या बियाण्याची परीक्षा घ्यावी! गेल्या वर्षीची मेथी, भेंडी, धणे डब्यात पडून असतात. उघडीप मिळताच आपण ते पेरतो आणि रोपांची वाट पाहतो. बी मेलेले असेल, तर हे कळेपर्यंत आठ-दहा दिवस जातात आणि पेरणीची वेळ हुकते. पण बी जिवंत आहे की मेलेले, हे ओळखायचे कसे? ‘भिजवून पाहावे, फुगले की जिवंत,’ असे तुम्ही म्हणाल. आपण हे उत्तरच तपासून पाहू.

प्रयोग पहिला : उकडलेले हरभरे

हरभऱ्याचे वीस दाणे घ्या. त्यांतले दहा दाणे मोठ्या माणसांच्या मदतीने दहा मिनिटे पाण्यात उकळून थंड करा. आता दोन्ही गट वेगवेगळ्या वाट्यांत रात्रभर भिजत ठेवा. सकाळी काय दिसते? दोन्ही वाट्यांतले दाणे टपोरे फुगलेले! ते ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवा. न उकळलेल्या दाण्यांना मोड येतील. उकळलेल्यांना मुळीच येणार नाहीत.

याचे कारण काय? कोरड्या बियांतील पिष्ट आणि प्रथिने पाण्याचे रेणू आपल्याकडे ओढून घेतात व त्यामुळे बी फुगते. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत घट्ट बसते, तेही लाकूड असेच पाणी शोषून फुगल्यामुळे. दार काही जिवंत नसते! तेव्हा फुगणे ही एक भौतिक क्रिया आहे. मोड येणे ही मात्र जीवनक्रिया आहे. तिच्यासाठी आतला अंकुर जिवंत हवा, त्याला श्वसनासाठी हवा हवी आणि योग्य तापमानही हवे.

प्रयोग दुसरा : गणंग

आता याच्या उलट बाजू पाहू. मटकी रात्रभर भिजवली, तरी काही दाणे सकाळी खड्यासारखे टणक राहतात. उसळीत ते दाताखाली येतात, म्हणून आई ते निवडून टाकते. हेच गणंग. ते फुगले नाहीत, म्हणजे मेलेले आहेत का?

असे दहा-बारा गणंग जमवा व पुसून कोरडे करा. निम्मे दाणे तसेच ठेवा. उरलेल्या दाण्यांची एक बाजू पॉलिशपेपरवर हलकेच घासा. दाण्यावर जिथे लहानसा पांढरा डाग असतो, त्याच्या विरुद्ध बाजूला घासा, कारण कोवळे मूळ त्या डागाजवळ असते. मग सर्व दाणे पुन्हा भिजवा. घासलेले दाणे फुगतील आणि त्यांतल्या बहुतेकांना मोडही येतील. गणंगाच्या टरफलातून पाणी आत शिरत नाही, एवढीच अडचण होती. आत जीव शाबूतच होता!

म्हणजे फुगलेले बी मेलेले असू शकते आणि न फुगलेले बी जिवंत असू शकते. पाण्यात टाकून बुडणारे बी चांगले मानायची रीतही अशीच अपुरी आहे. तिच्यामुळे हलके, पोकळ बी वेगळे होते खरे. पण बुडालेले बी जिवंतच असेल, याची खात्री नसते. खात्रीचा मार्ग एकच : बी रुजवून मोजणे.

प्रयोग तिसरा : शंभराची परीक्षा

गोणपाटाचा किंवा जुन्या सुती धोतराचा तुकडा ओला करून पिळून घ्या. त्यावर न निवडता शंभर बिया दहा-दहाच्या रांगांत मांडा. कापडाची सैलसर गुंडाळी करा आणि घरात उभी ठेवा. रोज थोडे पाणी शिंपडा. पाणी साचू देऊ नका. मेथी तीन-चार दिवसांत रुजते, भेंडीला आठवडा लागतो, धण्यांना त्याहून अधिक. (अखंड धणा हे फळ असते व त्यात दोन बिया असतात. म्हणून धणे आधी हलके रगडून दोन भाग करा.) शेवटी रुजलेल्या बिया मोजा.

समजा, शंभरांपैकी 75 रुजल्या. तुम्हांला 60 रोपे हवी असतील, तर 60 ÷ 0.75 = 80 बिया पेराव्या लागतील. केवळ 40 रुजल्या असत्या, तर 150 बिया लागल्या असत्या. मातीत काही अंकुर दगावतात, म्हणून थोड्या जास्तच घ्या.

शंभरच बिया कशाला, दहा का नकोत? ज्या बियाण्याची उगवण खरोखर 75 टक्के आहे, त्यातल्या दहा बिया घेतल्या, तर कधी सहा रुजतील, कधी नऊ. म्हणजे उत्तर 60 टक्के येईल किंवा 90! शंभर बिया घेतल्या, तर उत्तर बहुधा 71 ते 79 च्या दरम्यान येते. नमुना मोठा असला की योगायोगाचा खेळ कमी होतो.

बी मरते कशाने?

मुख्य शत्रू दोन : ओलावा आणि उष्णता. सर्वसाधारण कोरड्या बियांसाठी एक ढोबळ नियम आहे. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला, तर आयुष्य सुमारे दुप्पट होते. साठवणीचे तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरवले, तरीही तसेच घडते. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडे पडलेले बी हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत तळाशी भाजून थंड केलेले तांदूळ घालावेत आणि वर कापडाच्या पुरचुंडीत बी ठेवावे. कोरडे तांदूळ बाटलीतला ओलावा शोषतात. तरीही सर्व बियांचे आयुष्य सारखे नसते. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच निकामी होऊ लागते.

काही बिया मात्र फार चिवट! अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1879 साली वीस बाटल्यांत वाळू व निरनिराळ्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बिया रुजवून पाहायच्या, अशी योजना होती. बील गेले, पुढच्या पिढ्यांनी काम चालू ठेवले. 2021 साली काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया रुजल्या! शेवटची बाटली 2100 साली निघायची आहे. त्या शास्त्रज्ञांनाही शेवटी तुमच्यासारखेच करावे लागले : बियांना पाणी द्यायचे, वाट पाहायची आणि मोजायचे.

आता तुमच्या वहीत तारीख, बियाण्याचे नाव, ते किती जुने आहे आणि शंभरांपैकी किती रुजले, याचा तक्ता आखा. आणि या प्रश्नाचे उत्तर शोधा : गणंगाचे पाणी न शिरणारे टरफल उसळ करणाऱ्याला त्रासाचे; पण रानात उगवणाऱ्या झाडाला त्याचा काय फायदा होत असेल?