कोर्टातील गोष्ट आणि आपली जीभ

आपल्या मंडळ्यांत कोर्टकचेरीत नोकरी करणारे पुष्कळ आहेत. कोणी वकील, कोणी लघुलेखक, कोणी कारकून, कोणी बेलीफ. संध्याकाळी घरी चहा घेताना, "आज कोर्टात काय झालं?" असे कोणीतरी विचारतेच. या साध्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याचा विचार आपण या पाठात करू.

पुष्कळजण म्हणतात, "न्यायालय तर सर्वांना उघडे असते, मग बोलले तर बिघडले कोठे?" यात तथ्य आहे. न्याय उघडपणे व्हावा हाच नियम होय. १९६६ साली नरेश मिरजकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मान्य केला. परंतु न्यायासाठी गरज पडल्यास दार बंद करण्याचा अधिकार न्यायालयास आहे, असेही ठरविले. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही बंद दाराआड सुनावणीची सोय आहे.

शिवाय, बाकावर बसलेल्या माणसाच्या कानी पडते ते वेगळे, आणि आपल्याला खुर्चीमुळे कळते ते वेगळे. निकाल वाचला जाण्यापूर्वी तो टंकलिखित करणारा, फायलीतला डॉक्टरांचा दाखला पाहणारा, अशिलाचे रडणे ऐकणारा, यांच्यापाशी जे असते ते त्यांच्या मालकीचे नसते. ती ठेव असते. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. वकीलपत्र संपले तरी हे बंधन संपत नाही.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका बहिणीचा विभक्त होण्याचा दावा चालू होता. कोर्टात काम करणाऱ्या एका बंधूने घरी दोन शब्द सांगितले. ते महिला मंडळात गेले आणि तेथून बुधवारच्या प्रार्थनासभेत "प्रार्थनेचा विषय" म्हणून आले. नाव कोणी घेतले नाही. पण दोन मुलांची आई, शिवणकाम करणारी, एवढे म्हटल्यावर ओळखायचे कोणाला राहिले? आम्ही स्वतः ती प्रार्थना केली. पुढल्या रविवारी ती बहीण उपासनेला आली नाही. पुढे कित्येक महिने आली नाही. न्यायाधीशांचा निकाल लागण्यापूर्वी आमचा निकाल लागून गेला होता.

"नाव सांगितले नाही" ही सबब कायदाही मानीत नाही. बलात्कारपीडितेचे नाव, किंवा तिची ओळख पटेल अशी कोणतीही बाब, छापणे वा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ओट्यावरच्या कुजबुजीपर्यंत कायद्याचा हात सहसा पोहोचत नाही. तेथे आपणच आपला पहारा ठेवला पाहिजे.

मात्र मौन म्हणजे पाप झाकणे नव्हे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे आपल्यावर बंधनकारक आहे. तेथे बोलावे, पण योग्य ठिकाणी बोलावे. चहाच्या टेबलावर नव्हे.

मग घरी काय सांगावे? "आज काम फार होते, मन जड झाले आहे," एवढे पुरे. घरच्यांनीही अधिक खोदून विचारू नये. विचारणाऱ्याने आवर घातला, तर सांगणाऱ्याचा मोह निम्मा होतो.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या कामामुळेच कळलेली कोणती गोष्ट आपण या महिन्यात बाहेर बोललो?
२. प्रार्थनेचा विषय सांगताना त्या व्यक्तीची परवानगी आपण घेतो काय?
३. आपल्या बोलण्याने दुरावलेल्या कोणाकडे आज आपण जाऊ शकतो?