तिकीट विकणारा गप्प बसला तर: परभणीतून पैसे परत मागायला काय खर्च येतो

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ ला बुकमायशोवर खुली झाली आणि बघता बघता संपली. मूळ किंमत अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. लगोलग तीच तिकिटे इतर संकेतस्थळांवर कितीतरी पट भावाने दिसू लागली. वायागोगो आणि गिग्सबर्ग या फेरविक्रीच्या संकेतस्थळांशी आमचा संबंध नाही, असे बुकमायशोला जाहीर करावे लागले. ऑक्टोबरमध्ये ईडीने मुंबई, दिल्लीसह पाच शहरांत झडत्या घेतल्या. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवरून तिकिटांचा, त्यात बनावट तिकिटांचाही, धंदा चालला होता हे त्यातून पुढे आले. काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी नियमावली हवी अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. असा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

त्यामुळे फेरविक्रीसाठी वेगळा कायदा नाही. पण ज्याने पैसे दिले आणि तिकीट मिळाले नाही, किंवा कार्यक्रम रद्द होऊन रिफंड आला नाही, त्याच्या हातात पुरेसे कायदे आहेत. परभणी, सेलू, गंगाखेडची कितीतरी मुले पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांची आणि सामन्यांची तिकिटे मोबाइलवर काढतात. विकणारा मुंबईत किंवा बंगळुरूत बसलेला असतो आणि तिथे जाऊन भांडणे परवडत नाही, म्हणून बहुतेक जण पैसे बुडाले असे समजून सोडून देतात. सोडून देण्याची गरज नाही. हे काम घरबसल्या सुरू होते, आणि त्याचा खर्च लोकांना वाटतो त्याच्या मानाने फार थोडा आहे.

आधी ओळखा, पैसे कोणाकडे गेले

बँकेचे स्टेटमेंट किंवा यूपीआयची पावती उघडा आणि पैसे कोणाच्या नावावर जमा झाले ते पाहा. पुढचा सगळा मार्ग यावर ठरतो.

नाव कंपनीचे असेल, म्हणजे तिकीटविक्रीचे अॅप, संकेतस्थळ किंवा आयोजक संस्था असेल, तर हा ग्राहक कायद्याचा विषय आहे. नाव एखाद्या व्यक्तीचे असेल आणि ओळख फक्त इन्स्टाग्रामवरच्या किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या जाहिरातीची असेल, तर बहुधा हा फसवणुकीचा गुन्हा आहे. तिथे ग्राहक आयोगाची वाट धरून वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत. समोरच्या खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंतच ती गोठवता येते, म्हणून इथे तासांचा हिशेब आहे. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. पोलीस ठाणे कोणतेही चालते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे जिंतूर किंवा पूर्णा ठाण्यात ऐकावे लागले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चे नाव घ्या. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे. फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेतले ३१८ आहे.

अनोळखी माणसाला यूपीआयने स्वतःहून पाठवलेले पैसे परत मिळणे सर्वांत अवघड असते. व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलेला असल्याने बँक त्याला अनधिकृत मानत नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे एक जादा तिकीट आहे’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नयेत.

तिसराही एक प्रकार आहे. खात्यातून पैसे गेले, पण तिकीट निघालेच नाही, व्यवहार मध्येच अडकला. यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने व्यापाऱ्याला दिलेली अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. नाही आली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. ही भरपाई बँक मागितल्याशिवाय देत नाही असा अनेकांचा अनुभव आहे, म्हणून अर्जात ती स्पष्ट मागा.

गूगलवर नंबर शोधू नका

अॅपवर चॅटला उत्तर नाही, ईमेलला उत्तर नाही, अशा वेळी माणूस चिडून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. इथेच दुसरी फसवणूक टपलेली असते. भामट्यांनी नामांकित कंपन्यांच्या नावाने आपलेच नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘रिफंडसाठी एक अॅप टाका’ म्हणतो आणि तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो. दोन हजारांच्या तिकिटापायी खाते रिकामे होऊ शकते. रिफंड घ्यायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे सांगून ठेवा. नंबर घ्यायचा तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या अॅपमधून किंवा तिकिटाच्या ईमेलमधून.

पहिली पायरी: तक्रार अधिकारी. खर्च शून्य

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायलाच हवा. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. चॅटवर यंत्राशी बोलण्यात दिवस घालवण्यापेक्षा या अधिकाऱ्याला एक ईमेल लिहा. बुकिंग क्रमांक, तारीख, रक्कम, काय मिळाले नाही आणि काय हवे, एवढे पुरे. राग लिहू नका, तारखा लिहा. मराठीत लिहिले तरी चालते. कंपनी परप्रांतातली असेल, तर खाली दोन ओळी इंग्रजीत जोडल्या की काम सोपे होते.

अॅप ‘आम्ही फक्त मधले, आयोजकाला विचारा’ म्हणू लागले, तर त्याच नियमांचा आधार घ्या. खरेदी झाल्यावर ग्राहकाने लेखी मागणी केली, तर विक्रेत्याची माहिती देणे अॅपवर बंधनकारक आहे. ती मिळाली की आयोजकालाही तोच ईमेल पाठवा. कार्यक्रम अजून व्हायचा असेल, तर ही चौकशी आणखी मोलाची. आमचा बुकिंग क्रमांक तुमच्या यादीत आहे का, हे आयोजकाकडून लेखी आल्याशिवाय देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठू नका. रेल्वेचे आणि लॉजचे बुकिंग वेळेत रद्द करा आणि कापलेल्या रकमेच्या पावत्या ठेवा. पुढे भरपाई मागताना त्या लागतात.

सुविधा शुल्काविषयी इथेच सांगतो, कारण वाद नेहमी त्यावरच येतो. सिनेमागृहांनी ऑनलाइन तिकिटावर असे शुल्क घेऊ नये म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढलेले आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. त्यामुळे शुल्क आकारणे बेकायदा नाही. पण किंमत आधी कमी दाखवायची आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर शुल्क वाढवायचे, याला केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित प्रथा म्हटले आहे. कार्यक्रमच रद्द झाला असेल, तर माझ्या मते तिकिटाबरोबर हे शुल्कही मागावे. ज्या सेवेसाठी ते घेतले, ती सेवाच झालेली नाही.

दुसरी पायरी: बँक आणि १९१५. खर्च शून्य

पैसे कार्डाने भरले असतील, तर बँकेत ‘चार्जबॅक’चा, म्हणजे कार्डाने दिलेली रक्कम परत मागण्याचा, अर्ज करा. कारण लिहायचे: ‘सेवा मिळाली नाही’. याला मुदत असते. विक्रेत्याच्या ‘आज करतो, उद्या करतो’वर विसंबून महिने घालवले, तर हा हक्क हातून जातो. म्हणून तक्रार अधिकाऱ्याच्या महिन्याबरोबरच बँकेचा अर्जही चालू ठेवा. शाखेत तोंडी सांगून येऊ नका, पोचेचा शिक्का घ्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

त्याच काळात १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवा. सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत तो चालू असतो आणि मराठीत बोलता येते. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. तरीही मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बरीच प्रकरणे इथेच मिटतात, कारण सरकारी यंत्रणेकडे आपल्या नावावर तक्रारी साचलेल्या कोणत्याही कंपनीला नको असतात. सरकारी पाठपुराव्याचे एक उदाहरण पाहा: कोरोनाच्या टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान तिकिटांचे पैसे यात्रा या प्रवास कंपनीकडे अडकले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाठपुरावा लावून धरला आणि २७ जून २०२४ रोजी उरलेले पैसे परत करण्याचा आदेश काढला. १९१५ वर मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

तिसरी पायरी: नोटीस. खर्च साठ-सत्तर रुपये

महिना उलटला आणि उत्तर नाही, तर साध्या कागदावर नोटीस लिहा: पंधरा दिवसांत रक्कम परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वकिलाची सही लागत नाही. पोस्टाची रजिस्टर सेवा सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवली आहे. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला बाहेरगावी ४७ रुपये, नोंदणीचे ५ रुपये आणि वर जीएसटी लागतो. अॅप आणि आयोजक दोघांना पाठवली, तर सव्वाशेच्या आसपास जातात. पावती आणि पोहोचल्याची नोंद प्रिंट करून ठेवा.

चौथी पायरी: परभणीचा आयोग. फी शून्य

ही गोष्ट परभणीकरांनी नीट समजून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. कंपनी बंगळुरूची आणि कार्यक्रम नवी मुंबईत असला, तरी पाथरीच्या किंवा सोनपेठच्या ग्राहकाची तक्रार परभणीच्या आयोगात चालते. आता धावपळ कंपनीची. तिकिटाच्या अटींत लवादाचे कलम असले तरी आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर आयोगाची फी नाही. फी दिलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. म्हणून तिकिटाच्या रकमेबरोबर व्याज, प्रवासाचे नुकसान, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागायला संकोच करू नका. मात्र पाच हजारांच्या तिकिटासाठी पाच लाखांची भरपाई मागू नका. अशी मागणी टिकत नाही आणि तक्रारीचे वजन कमी होते.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. हे पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. व्हिडिओद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते. समक्ष गेलात तर खर्च झेरॉक्सचा, प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीचा आणि एसटीचा. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. मूळ ईमेल आणि मेसेज मोबाइलमधून पुसू नका.

विक्रेता इथेही गप्प बसला तर? मग त्याचे मौन तुमच्या बाजूने काम करते. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत, त्याने म्हणणे मांडायचे असते. ४५ दिवसांच्या पुढे मुदत देता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये दिला. त्यानंतर तुमच्या कागदांवर एकतर्फी निकाल होऊ शकतो. आदेश पाळला नाही, तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कायद्यात निकालाची मुदत तीन महिन्यांची आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. मनाची तयारी तेवढी ठेवा.

वकील लावायचा का? दोन-पाच हजारांच्या तिकिटासाठी माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण फी वसुलीपेक्षा जास्त होईल. आयोगापुढे ग्राहक स्वतः उभा राहू शकतो. लिहिण्या-बोलण्याची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे.

सगळी बेरीज केली तर पोस्ट, प्रिंट, नोटरी आणि जाण्यायेण्यासह हे काम साधारण हजार रुपयांच्या आत बसते. तिकीट तीनचारशेचे असेल, तर १९१५ वर थांबणे शहाणपणाचे. दोन हजारांच्या वर असेल, तर आयोगापर्यंत जरूर जा. तक्रारीचे कारण घडल्यापासून आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, बँकेची मुदत त्याहून पुष्कळ कमी. तुमचे पैसे आज अडकलेले असतील, तर तक्रार अधिकाऱ्याला ईमेल आजच पाठवा.